त्याच जागी पुन्हा पुन्हा

पडद्यावर लाल ओळ आली तेव्हा मी अंगठ्याच्या नखाशेजारचं सालपट दातांनी ओढत होते. लाल ओळीचं मला फारसं काही वाटत नाही. लोक आपापल्या साइट आमच्या सर्व्हरवर ठेवतात, त्यांच्यामागे चोर लागतात आणि चोरांना दारातच अडवायचं हे माझं काम. तेव्हा लाल ओळी येणारच. ही ओळ म्हणत होती की एका साइटवर हल्ला चालू आहे, एकाच फाइलचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा मागितला जातोय आणि मागणारे हजारांनी आहेत. हेही ओळखीचंच. मग नजर साइटच्या नावावर गेली आणि सालपट नको तितकं ओढलं गेलं. ती माझ्या मावशीची साइट होती. बोटातून रक्त यायला लागलं आणि मला हसू फुटलं. मावशीच्या साइटवर हल्ला! कोण करणार, आणि कशासाठी? तिकडे कुत्रं फिरकत नाही. महिन्यात कुणी आलंच तर ती मी असायची, साइट जिवंत आहे ना एवढं बघायला. आणि एकदा मावशी स्वतः आली होती, तीसुद्धा चुकून, डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता शोधताना. बोट तोंडात धरून मी खुर्ची पुढे ओढली. भीती वाटत होती म्हणावं तर त्या भीतीत मजा फार होती.

हे काम मला आवडतं हे आधी सांगून टाकते, कारण आमच्यातले बरेच जण कपाळाला आठ्या घालून ते करतात. मला संशय घ्यायला आवडतं. एका सर्व्हरवर शे-दीडशे साइट असतात, एका इमारतीत बिऱ्हाडं असावीत तशा: दातांचा दवाखाना, फर्निचरवाला, दोन वकील, लग्नाचे फोटो काढणारा. एकाच्या घरात चोर शिरला की सगळ्यांच्याच डोक्याला ताप. आणि चोर सोंगं तरी किती आणतात! मागे फोटोवाल्याच्या साइटवर एका नवरीचा फोटो होता. नाव फोटोचं, वजन फोटोएवढं, पण उघडायला जावं तर नवरीचा पत्ता नाही. आत मालवेअर पाय पसरून बसलेलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे पासवर्ड गुपचूप बाहेर पाठवत असलेलं. फोटो कुणी बघत नसतानाही तो कामात असायचा, त्यावरून मला वास आला. त्याला उचलून बाहेर काढलं त्या दिवशी मी इतकी खूश होते की घरी जाताना बसचा थांबा चुकले. ऑफिसात मला कडी म्हणतात, कारण काम आटोपलं की मी सगळ्यांना एकच संदेश टाकते, ‘कडी लावली’. टाकते म्हणजे टाइप करते. बोलत नाही. ऑफिसच्या मते मी शिष्ट आहे, घुमी आहे, नाकावर माशी बसू देत नाही, आणि त्यांना तसं वाटणं माझ्या सोयीचं आहे. खरी गोष्ट एवढीच की बोलताना माझी जीभ अडते. प, ब, म, त आणि त्यांची सगळी भावंडं ओठांशी येऊन ठाण मांडतात, हलता हलत नाहीत. त्यांना वळसा घालून जगायची मला इतकी सवय झालीय की वळसा घातलेला माझा मलाही कळत नाही. ‘पाणी’ म्हणायचं नाही, ‘एक ग्लास द्या’ म्हणायचं. ‘बंद करा’ म्हणायचं नाही, ‘लावून घ्या’ म्हणायचं. साहेबांशी फोनवर ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे मी कधी गेलेच नव्हते, आणि एवढ्यावर माणसाची नोकरी चांगली चालते.

मावशीचा आयुष्यभराचा धंदा म्हणजे आमच्यासारख्यांची तोंडं. एका चपलांच्या दुकानावर तिची खोली होती. जिन्यात नव्या चामड्याचा वास यायचा आणि खालून हातोडीचे ठोके. तिथे पोस्टमन यायचा, बेकरीवाला यायचा, एक न्यायाधीशसुद्धा यायचे, चोरासारखे इकडेतिकडे बघत. हा धंदा करणारी बाकीची मंडळी स्वच्छ, गोड बोललेलं ऐकवायची आणि म्हणायची, असं बोला. मावशीला त्याचा तिटकारा होता. ती अडखळणाऱ्यांचंच बोलणं टेप करायची आणि एकाचं दुसऱ्याला ऐकवायची. जिथे अडलं तिथे टेप थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा लावायची. परत मागे. परत पुढे. ‘‘त्या जागेला घाबरतोस ना? मग तिथेच जाऊन बस,’’ ती म्हणायची. ‘‘कंटाळा येईपर्यंत बस. कंटाळा आला की भीती जाते.’’ एका सभेत कुणीतरी म्हणालं होतं की ही बाई पांगळ्याला पांगळा दाखवून चालायला शिकवते, आणि सगळे हसले होते. घरी येऊन मावशी दिवसभर बोलली नव्हती. मावशी आणि न बोलणं म्हणजे केवढं, ते आमच्या घरालाच ठाऊक. पुढे खोली सुटली, टेपांची खोकी तिच्या पलंगाखाली आली आणि मी तिची एक साइट काढून त्या सगळ्या तिथे चढवून दिल्या. नावं तिनेच ठेवली: पोस्टमन, बेकरीवाला, न्यायाधीश, आणि माझ्या टेपचं नाव भाची. पानामागे पोपटी रंग हवा म्हणून हट्ट धरला. मी म्हटलं, डोळ्यात घुसतो गं. ‘‘घुसू दे. लोकांना दिसायला नको?’’ लोक कुठले! ती कधी सरळ विचारायची नाही, पण मी गेले की चहा ओतता ओतता मान वर न करता म्हणायची, ‘‘आपलं दुकान कसं चाललंय?’’ आणि मी म्हणायचे, चाललंय.

आमच्याकडचा नियम साधा आहे. लाल ओळ आली की साइट तोडायची. एक बटण दाबलं की ती बाहेरच्या जगाला दिसेनाशी होते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत दिसत नाही. तोडायला कुणाला विचारावं लागत नाही. न तोडायला मात्र साहेबांची परवानगी लागते, आणि तीही पडद्याच्या कोपऱ्यातली पट्टी भरायच्या आत. नाहीतर यंत्र आपणहून तोडून टाकतं. एकासाठी सगळ्या इमारतीला त्रास कशाला, हा हिशेब मला पटतो. माझं बोट बटणाकडे गेलंही होतं. ते मागे आलं ते मावशीच्या मायेने वगैरे आलं नाही, खोटं कशाला बोलू. नुसती खाज. हा एकच तुकडा आहे तरी कोणता? मी लॉग उघडला. कोण आलं, काय मागितलं, किती वेळ थांबलं, याच्या ओळींमागून ओळी धबाधबा खाली पडत होत्या. आता चोराचं असं असतं की तो घाईत असतो. त्याला चित्रं नकोत, रंग नको, तो थेट कुलपाकडे जातो. हे लोक तसे नव्हते. यांनी सगळं मागितलं होतं. पोपटी रंग, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला मावशीचा फोटो, अगदी खालच्या कोपऱ्यातलं फुलसुद्धा. शोधायच्या चौकटीत चुकीचं लिहिलं होतं, मग सुधारून पुन्हा लिहिलं होतं. एक जण पहिल्याच पानावर बराच वेळ नुसता थांबला होता, काहीही न करता, आणि मग त्याने ‘पोस्टमन’ उघडलं होतं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ही माणसं होती! जितीजागती, बिचकलेली, हजारो माणसं, आणि आमचं यंत्र त्यांना दरोडेखोर समजून ओरडत होतं. यंत्राचा तरी काय दोष? एकाच जागी पुन्हा पुन्हा हात घालणारा चोरच, असं आम्हीच त्याला पढवलंय. टेप मागे नेऊन तेच परत ऐकायचं, ही मावशीची रीत त्याला कुणी सांगितली होती?

तुकडा ‘भाची’मधला होता. मी हेडफोनची बोंडं कानात घातली आणि ती फाइल लावली. साइटवर चढवली तेव्हाही मी ती ऐकली नव्हती. आवाज लहानमोठा होतोय का एवढं पडद्यावरच्या रेघेवरून पाहून पुढे सरकले होते. आधी टेपची खरखर. खालच्या दुकानातला ठोका. मग एक किरटा आवाज म्हणाला, ‘‘काल माझ्या पायावर प-’’ आणि अडला. केवढा अडला! मला सगळं आठवलं. मिटलेले ओठ, आत साठलेली वाफ, कानशिलात धडधड, आणि समोर मावशी, हनुवटीखाली हात घेऊन बसलेली, जणू तिला जगात दुसरं कामच नाही. प- प- प-. तेवढ्यात त्या पोरीला स्वतःचंच हसू आलं. खुदकन हसली, आणि हसता हसता ओठ सुटले, ‘‘पाल पडली!’’ एवढंच. लोक तेच मागे नेऊन ऐकत होते. अडली, हसली, सुटली, परत मागे. कुणी तीनदा, कुणी चाळीसदा. माझ्या त्या आवाजाची मला जन्मभर लाज वाटत आली होती. आत्ता लॉगमध्ये तीच ओळ पुन्हा पुन्हा पडताना मला वाटलं उठावं, टेबलावर चढावं आणि सगळ्यांना ओरडून सांगावं, ती मी आहे, ती पाल माझ्या पायावर पडली होती. मी कानातली बोंडं काढली.

फोन वाजला. मावशी. ‘‘अगं, टीव्ही बघितलास का?’’

‘‘ऑफिसात कुठून ब-बघणार?’’ मावशीशी मी वळसे घालत नाही.

‘‘तो बातम्या देतो ना, उंच, मोठ्या कानांचा, तो आज बोलता बोलता अडकला. सगळ्यांसमोर! एरवी काय करतात, खोकतात, कागद चाळतात. हा गडी नुसता थांबला आणि म्हणाला, मी अडखळतो, इतकी वर्षं लपवून लपवून दमलो. आणि माझं नाव घेतलं गं! साइटचंसुद्धा. म्हणाला, तिथून एका लहान मुलीची टेप उतरवून घेतलीय, ती रोज ऐकतो आणि मग कामावर येतो. शेजारीण धावत सांगायला आली. आणि आता मी बघायला जातेय तर उघडेना. नुसतं चाक फिरतंय. मी काही भलतं दाबलं का?’’

‘‘त-तू काही नाही दाबलंस. लोक आलेत.’’

मावशी बारीक आवाजात म्हणाली, ‘‘किती?’’

‘‘जिना प-प-’’ ती थांबली. दुसऱ्याचा शब्द मावशी कधी पुरा करत नाही. ‘‘पडेल इतके.’’

पलीकडे नाक शिंकरल्याचा आवाज आला. ‘‘मग त्यांना आज परत पाठवू नकोस हं. माझ्या जिन्यातून अर्ध्यावरून किती जण माघारी गेले, मला विचार. पहिल्यांदा यायलाच जीव गोळा करावा लागतो. आला आणि दार लावलेलं दिसलं, की तो माणूस पुन्हा यायचा नाही. कुठेच जायचा नाही.’’ मी ‘हो’ म्हणाले आणि फोन ठेवला. पट्टी निम्म्याच्या वर भरली होती.

आता माझ्या डोक्यात जे चालू झालं त्याला मी दुसरं काही म्हणणार नाही, आनंदच म्हणेन. एवढी गर्दी जमली की तिच्यात पाकीटमार शिरणारच, आणि पाकीटमार शिरल्याचं साहेबांना दुसऱ्या कुणाकडून कळलं तर संपलं सगळं. तेव्हा आधी तो शोधायचा. कसा? मी विचार केला, इथे आलेला प्रत्येक जण काहीतरी ऐकतोय. मग ऐकत नाही तो कोण? लॉगला मी तेवढंच विचारलं: एकही टेप न लावलेले दाखव. हजारोंतून मूठभर उरले. त्यातले बरेचसे नुसते डोकावून गेलेले. एक मात्र होता, त्याने मावशीचा फोटो मागितला नव्हता, पोपटी रंग मागितला नव्हता. तो सरळ मागच्या दारी गेला होता, जिथून मावशी साइट उघडते, आणि एकामागून एक पासवर्ड घालून बघत होता. मावशीच्या जन्मतारखेपर्यंत पोचलाही होता मेला. ‘‘अरे चोरा,’’ मी मोठ्याने म्हणाले. शेजारच्या टेबलावरच्याने दचकून मान वर केली. माझा आवाज त्याने बहुधा पहिल्यांदाच ऐकला असावा. मी मागचं दार मावशीच्या घरच्या इंटरनेट-जोडणीपुरतंच उघडं ठेवलं आणि त्या गृहस्थाची अशी काही हकालपट्टी केली की इंटरनेटवरचे त्याच्या आजूबाजूचे दहा पत्तेही हादरले असतील. पासवर्ड बदलला. साइटच्या सगळ्या फाइल तपासल्या, नवी एकही नाही, जुनी एकही हललेली नाही. बोटं कीबोर्डवर नाचत होती, अंगठ्याचं रक्त स्पेसबारला लागत होतं आणि मी गुणगुणत होते.

पण इमारत खरंच हलायला लागली होती. दवाखान्याचं पान रखडत होतं, वकिलांचं उघडत नव्हतं. यावर एकच उपाय होता. मोठ्या गिऱ्हाइकासाठी म्हणून आम्ही एक राखीव मशीन रिकामं ठेवतो. मावशीचं बिऱ्हाड उचलून तिथे हलवलं तर तिचे लोक तिच्याकडे आणि शेजारी सुखात. राखीव मशीनला हात लावायचा तर साहेबच हवेत. मी सगळं मुद्देसूद टाइप करून त्यांना पाठवलं, लॉगमधल्या ओळींसकट, आणि दुसऱ्याच क्षणाला माझा फोन वाजला.

‘‘कडी, मी गाडी चालवतोय, वाचता येत नाहीये,’’ साहेब म्हणाले. ‘‘दवाखान्यातून ओरड आलीय. लाल ओळ आहे म्हणे. तोडलीस ना?’’

‘‘नाही.’’

‘‘का?’’

‘‘हल्ला नाही,’’ मी म्हणाले. ह सोपा आहे. ‘‘लोक आहेत.’’ लसुद्धा सोपा.

‘‘एवढे लोक? कुणाची साइट आहे?’’

माझ्या डोक्यात वळसे भराभर तयार झाले. ‘गिऱ्हाइकाची’ म्हणता येत होतं. ग माझ्या जिभेवरून लोण्यासारखा घसरतो, आणि ते खोटंही नव्हतं. पण उद्या साहेबांना कळलं असतं की कडीने नात्यातलं माणूस झाकून राखीव मशीन मागितलं, तर त्या हजारोंवर परत लाल ओळ यायला वेळ लागला नसता. सांगायचं तर खरं सांगायला हवं होतं. आणि खरं म वर बसलं होतं. मी ओठ मिटले. ‘‘म-’’ पट्टी सरकत होती. ‘‘म- म-’’ आतली वाफ कानापर्यंत चढली. शेजारचा माणूस आता उघड उघड माझ्याकडे बघत होता. ‘‘म- म- म-’’

‘‘हॅलो? कडी? तुझा आवाज तुटतोय. रेंज नाही इथे. तू तोड ती, आपण नंतर बोलू.’’

‘‘थ-थ-थांबा!’’ खोलीतल्या सगळ्या माना वळल्या. ‘‘आवाज तु-तुटत नाहीये. म-मी अशीच बोलते. ठेवू नका.’’

पलीकडे गाडीच्या वळणदिव्याची टकटक ऐकू आली, चाकाखाली खडी वाजली आणि इंजिन थांबलं. ‘‘बोल,’’ साहेब म्हणाले. त्यांचा आवाज वेगळाच लागत होता, चष्मा काढल्यावर माणसाचा चेहरा वेगळा दिसतो तसा.

‘‘म-मावशीची. साइट म-माझ्या मावशीची आहे. ती आमच्यासारख्यांना ब-ब-’’

‘‘बोलायला शिकवते?’’

‘‘म-माझा शब्द मला म्हणू द्या. ब-बोलायला शिकवते. लोक तेच तेच ऐकतायत, म-म्हणून यंत्राला चोर वाटले. खरा चोर एक होता, त्याला हाकललाय. राखीव म- म-’’ साहेबांचा श्वास ऐकू येत होता. एक शब्द त्यांच्या तोंडाशी आला असणार, पण त्यांनी तो गिळला. ‘‘म-मशीन द्या. आज परत गेले तर ते प-पुन्हा यायचे नाहीत.’’

‘‘घे,’’ साहेब म्हणाले. ‘‘हलव. दवाखान्याला मी सांगतो.’’

फोन खांद्याला लावून मी हलवाहलव सुरू केली. पोस्टमन गेला, बेकरीवाला गेला, न्यायाधीश गेले, भाची गेली, पोपटी रंग गेला. नव्या जागेकडे रस्ता वळवला आणि लाल ओळ विझली. पट्टीचा शेवटचा तुकडा कोरा राहिला. दवाखाना उघडला. वकील उघडले. आणि नव्या मशीनच्या लॉगमध्ये, कोऱ्या पानावर, पहिली ओळ पडली: भाची, तोच तुकडा. मग दुसरी. मग मोजता येईनात. माझे डोळे भरून आले होते आणि मी सगळ्या ऑफिससमोर दात काढून हसत होते.

‘‘झालं ना?’’ साहेबांनी विचारलं. ‘‘ठेवू मग?’’

ठेवायचंच होतं खरं तर. पण घशात इतकी वर्षं साठलेलं सगळंच एकदम दाराशी आलं: वकिलांची साइट अजून जुन्याच कुलपावर चालते ते, मी शिष्ट नाही ते, फोटोवाल्याला कुणीतरी शहाणपण शिकवायला हवं ते, आणि दुपारच्या बैठकीत माझ्या मनात काय काय येतं आणि मी मान हलवून गप्प बसते ते. अवघड अक्षरांनी भरलेलं, लांबलचक.

‘‘नाही,’’ मी म्हणाले. ‘‘अजून ब-ब-बरंच आहे.’’

साहेब म्हणाले, ‘‘बोल की मग. गाडी बंदच आहे माझी.’’

‘‘प-प-प-’’ मी सुरुवात केली, आणि साहेब थांबले.